टॉमकॅट डेटाबेसला जोडला जात नाही, तेव्हा नेमकं काय तपासायचं

टॉमकॅट या जावाची वेब ॲप्लिकेशनं चालवणाऱ्या सर्व्हरवर चढवलेलं ॲप्लिकेशन डेटाबेसला जोडलं जात नसलं की बहुतेकांचा हात आधी पासवर्डकडे जातो. पासवर्ड बदलून पाहतात, डेटाबेसचा पत्ता सांगणारी यूआरएल बदलून पाहतात, सर्व्हर चारदा बंद-चालू करतात. पुष्कळदा बिघाड त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो: आपण ज्या फाइलमध्ये यूआरएल लिहिली ती फाइल टॉमकॅटने वाचलेलीच नसते. मग त्या फाइलमध्ये काहीही बदललं तरी फरक पडणार कुठून?

ॲप्लिकेशनपासून डेटाबेसपर्यंत एक साखळी आहे. ॲप्लिकेशन जेएनडीआयमध्ये, म्हणजे नावावरून वस्तू शोधून देणाऱ्या जावाच्या सोयीत, एक नाव मागतं. टॉमकॅट त्या नावाची व्याख्या शोधतो. व्याख्येवरून कनेक्शन पूल (पुन्हापुन्हा वापरायच्या कनेक्शनांचा साठा) तयार होतो, पूल ड्रायव्हरचा (डेटाबेसशी बोलणाऱ्या जावा लायब्ररीचा) क्लास लोड करतो, ड्रायव्हर नेटवर्कवरून डेटाबेसच्या पोर्टवर जातो आणि शेवटी डेटाबेस लॉगिन तपासतो. प्रत्येक कडी तुटल्यावर येणारा एरर वेगळा असतो. म्हणून आधी एरर वाचायचा आणि कुठली कडी तुटली ते ठरवायचं. तोवर कुठल्याही फाइलला हात लावू नये.

एरर कुठे असतो

कॅटालिना डॉट आउट ही फाइल सगळे उघडतात. तिच्यात कधीकधी एवढंच सापडतं की एक किंवा अधिक लिसनर सुरू झाले नाहीत, सविस्तर माहिती संबंधित कंटेनरच्या लॉगमध्ये पाहा. तो लॉग म्हणजे त्याच लॉग्ज फोल्डरमधली, लोकलहोस्ट या नावाने सुरू होणारी आणि पुढे तारीख असलेली फाइल. ॲप्लिकेशन सुरू होतानाचे अपवाद (एक्सेप्शन) तिथे नोंदले जातात.

स्टॅक ट्रेस, म्हणजे अपवादासोबत छापलेली कॉलची यादी, वरून वाचायला घेतला तर बहुधा फ्रेमवर्कची तक्रार हाती लागते. 'कॉज्ड बाय' असं लिहिलेल्या ओळी शोधत खाली जा आणि सगळ्यात शेवटची तशी ओळ आधी वाचा. मूळ कारण जवळपास नेहमी तिथेच असतं.

नाव सापडत नाही, किंवा सापडतं पण रिकामं

'नेम जेडीबीसी इज नॉट बाउंड इन धिस कॉन्टेक्स्ट' असा एरर आला, तर या नावाची कुठलीही नोंद या ॲप्लिकेशनपुरती अस्तित्वात नाही, असा सरळ अर्थ घ्या. कोडमध्ये 'जावा:कॉम्प/एन्व्ह/' हा उपसर्ग लावून नाव मागायचं असतं आणि रिसोर्सच्या, म्हणजे डेटाबेस जोडणीच्या, व्याख्येत मात्र तो लिहायचा नसतो. व्याख्येत 'जेडीबीसी/हिशोब' असेल, तर कोडमध्ये 'जावा:कॉम्प/एन्व्ह/जेडीबीसी/हिशोब' हवं. लहान-मोठी अक्षरंही तंतोतंत जुळली पाहिजेत.

यापेक्षा जास्त गोंधळ घालणारा एरर असा असतो: 'कॅनॉट क्रिएट जेडीबीसी ड्रायव्हर ऑफ क्लास', पुढे रिकामं अवतरण आणि त्यापुढे 'फॉर कनेक्ट यूआरएल नल'. ड्रायव्हर हा शब्द दिसतो म्हणून लोक ड्रायव्हरची जार (जावाची लायब्ररी फाइल) शोधत बसतात. जारचा इथे काहीच संबंध नसतो. क्लासचं नाव रिकामं आणि यूआरएल नल, म्हणजे टॉमकॅटच्या हाती तुमची व्याख्याच पोचलेली नाही. असं होतं कारण ॲप्लिकेशनच्या वेब डॉट एक्सएमएलमध्ये रिसोर्स-रेफ, म्हणजे त्या नावाची मागणी, लिहिलेला असतो. त्या नावाचा डेटासोर्स (कनेक्शन देणारी वस्तू) हवा एवढं टॉमकॅटला त्यातून कळतं, पण त्याच नावाचा रिसोर्स कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे टॉमकॅटकडच्या त्या ॲप्लिकेशनच्या कॉन्फिगरेशनमध्ये, सापडत नाही. मग तो एकही गुणधर्म नसलेला रिकामा डेटासोर्स उभा करतो. नाव सापडतं, म्हणून शोध यशस्वी होतो, आणि पहिलं कनेक्शन मागितल्यावर सगळं कोसळतं.

म्हणून या एररमध्ये अवतरणांच्या आत काय आहे ते नीट पाहा. तिथे क्लासचं नाव आणि यूआरएल दोन्ही व्यवस्थित दिसत असतील, तर गोष्ट वेगळी आहे: व्याख्या पोचली, ड्रायव्हरही लोड झाला, पण ड्रायव्हरला ती यूआरएल आपली वाटली नाही. बहुधा यूआरएलच्या सुरुवातीच्या भागात टंकनाची चूक असते, एखादा अपूर्णविराम गळलेला असतो, किंवा पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरला मायएसक्यूएलची यूआरएल दिलेली असते.

टॉमकॅट नक्की कुठली फाइल वाचतो

या भागावर वेळ घालवणं सगळ्यात फायद्याचं आहे. रिसोर्सची व्याख्या चार ठिकाणी असू शकते.

ॲप्लिकेशनच्या मेटा-इन्फ फोल्डरमधली कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएल फक्त त्या ॲप्लिकेशनपुरती असते. पण सर्व्हरच्या कॉन्फ फोल्डरात, कॅटालिना आणि त्याखाली लोकलहोस्ट या फोल्डरमध्ये ॲप्लिकेशनच्या नावाची एक्सएमएल फाइल असेल, तर टॉमकॅट तीच वाचतो आणि मेटा-इन्फमधल्या फाइलकडे पाहतही नाही. कुणीतरी पूर्वी तिथे ठेवलेली जुनी फाइल तशीच राहते, आणि नव्या वॉरमधली (ॲप्लिकेशनच्या पॅकेज फाइलमधली) दुरुस्ती का लागू होत नाही याचा शोध तासन्‌तास चालतो. आधी हे फोल्डर उघडून पाहा.

याच्या उलटही घडतं. टॉमकॅट चालू असताना वेबॲप्समधली वॉर फाइल डिलीट केली, की स्वयंचलित डिप्लॉयमेंट त्या ॲप्लिकेशनचं उलगडलेलं फोल्डर तर काढतंच, पण ही कॉन्टेक्स्ट फाइलही काढून टाकतं. पासवर्ड नेमका त्याच फाइलमध्ये असतो. नवी वॉर चढवायची तर जुनीवरच कॉपी करा, आधी डिलीट करू नका. आणि त्या एक्सएमएलची एक प्रत टॉमकॅटच्या बाहेर ठेवा.

कॉन्फमधली सर्वसाधारण कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएल सर्व ॲप्लिकेशनांना लागू होते. तिथे रिसोर्स लिहिला तर सगळ्यांना मिळून एक पूल मिळतो, असा समज आहे. तो चुकीचा आहे. प्रत्येक ॲप्लिकेशनला स्वतंत्र पूल मिळतो. वीस कनेक्शनांची मर्यादा आणि पाच ॲप्लिकेशनं असतील, तर डेटाबेसवर शंभर कनेक्शनांपर्यंत भार जाऊ शकतो.

एकच पूल वाटून घ्यायचा असेल, तर सर्व्हर डॉट एक्सएमएलमधल्या ग्लोबलनेमिंगरिसोर्सेस या भागात व्याख्या करा. एवढ्यावर काम होत नाही. तिथली नावं ॲप्लिकेशनला थेट दिसत नाहीत. कॉन्टेक्स्टमध्ये रिसोर्सलिंक लिहून 'ग्लोबल' या गुणधर्मात ते जागतिक नाव द्यावं लागतं. ही ओळ राहिली की वर सांगितलेल्या दोन एररपैकी एक हमखास येतो. सर्व्हर डॉट एक्सएमएल बदलल्यावर टॉमकॅट पूर्ण बंद करून चालू केल्याशिवाय बदल वाचला जात नाही.

आणखी एक सापळा म्हणजे दुसऱ्याच टॉमकॅटची फाइल बदलणं. कॅटालिना होम आणि कॅटालिना बेस वेगवेगळे असतील, तर कॉन्फ फोल्डर बेसमधलं वाचलं जातं. इक्लिप्समधून टॉमकॅट चालवत असाल, तर इक्लिप्स स्वतःच्या 'सर्व्हर्स' प्रोजेक्टमध्ये कॉन्फिगरेशनची वेगळी प्रत ठेवतं आणि तीच वापरतं. मूळ टॉमकॅटच्या फोल्डरमधला बदल तिथे पोचत नाही. खात्री करायला सोपं आहे: टॉमकॅट सुरू होताना लॉगच्या पहिल्या काही ओळींत कॅटालिना बेसचा पूर्ण मार्ग छापतो. तुम्ही बदललेली फाइल त्याच मार्गाखाली आहे का, एवढं पाहा.

ड्रायव्हरची जार

पूल टॉमकॅट सांभाळत असेल, तर ड्रायव्हरची जार टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये ठेवा, ॲप्लिकेशनच्या वेब-इन्फ/लिबमध्ये नको. पूल बनवणारा कोड सर्व्हरच्या क्लासलोडरमध्ये (क्लास शोधून लोड करणाऱ्या जावाच्या भागात) राहतो, आणि त्याला ॲप्लिकेशनच्या आतल्या जार स्वतःहून दिसत नाहीत. वेब-इन्फमध्ये ठेवूनही काही वेळा चालून जातं, त्यामुळे ही चूक लपून राहते. पूल जागतिक केला किंवा ॲप्लिकेशन पुन्हा डिप्लॉय केलं, की ती वर येते. दोन्हीकडे जार ठेवणं हा उपाय नव्हे. एकाच क्लासच्या दोन प्रती वेगळ्या क्लासलोडरमध्ये गेल्या की नावं सारखी असूनही क्लासकास्ट एक्सेप्शन येतं.

मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरचं क्लासनाव आठव्या आवृत्तीपासून बदललं आहे. जुन्या 'कॉम डॉट मायएसक्यूएल डॉट जेडीबीसी डॉट ड्रायव्हर'मध्ये मायएसक्यूएलनंतर 'सीजे' हा भाग आला. पोस्टग्रेसचं नाव 'ऑर्ग डॉट पोस्टग्रेसक्यूएल डॉट ड्रायव्हर' आहे.

पूल न वापरता ड्रायव्हरमॅनेजरकडून थेट कनेक्शन घेणाऱ्या कोडला 'नो सूटेबल ड्रायव्हर' हा एरर येतो, जार वेब-इन्फमध्ये असली तरीही. स्मृतीची गळती टाळण्यासाठी टॉमकॅट स्वतः सुरू होतानाच ड्रायव्हरमॅनेजर लोड करून घेतो. ड्रायव्हरचा आपोआप शोध त्याच वेळी उरकतो आणि नंतर आलेल्या ॲप्लिकेशनमधली जार त्यात सापडत नाही. क्लास डॉट फॉरनेमने ड्रायव्हर आधी लोड केला की एरर जातो, पण खरा उपाय पूल वापरणं हाच.

टॉमकॅट १० वर जाताना एक गैरसमज हटकून होतो. सर्व्हलेट आणि ॲनोटेशनची पॅकेजेस 'जावाएक्स'वरून 'जकार्ता' झाली, म्हणून काही जण डेटासोर्सचं पॅकेजही बदलायला जातात. ते बदलत नाही. जावाएक्स डॉट एसक्यूएल आणि जावाएक्स डॉट नेमिंग हे जावाच्याच गाभ्याचे भाग आहेत. रिसोर्स हे ॲनोटेशन मात्र बदलावं लागतं. जुन्या पॅकेजमधलं राहिलं तर टॉमकॅट ते दुर्लक्षित करतो, डेटासोर्सचं फील्ड नल राहतं आणि पहिल्या वापराला नलपॉइंटर एक्सेप्शन येतं.

नेटवर्क

इथपर्यंत सगळं जुळलं असेल, तर ड्रायव्हर डेटाबेसपर्यंत पोचतो का ते पाहा. चाचणी टॉमकॅट ज्या मशीनवर चालतो तिथूनच करा; स्वतःच्या लॅपटॉपवरून जोडणी झाली याने काहीच सिद्ध होत नाही. पिंगही उपयोगाचं नाही, कारण ते पोर्टबद्दल काही सांगत नाही. नेटकॅट ही कमांड वापरून पोर्ट तपासा: मायएसक्यूएल ३३०६, पोस्टग्रेस ५४३२, ओरॅकल १५२१, एसक्यूएल सर्व्हर १४३३.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच आलं, तर मशीनपर्यंत पोचलात पण त्या पत्त्यावर त्या पोर्टला कुणी ऐकत नाही. डेटाबेस बंद असेल किंवा फक्त स्वतःच्या मशीनपुरतं ऐकत असेल. पोस्टग्रेसमध्ये लिसन ॲड्रेसेसचं मूळ मूल्य लोकलहोस्ट असतं. मायएसक्यूएलमध्ये बाइंड ॲड्रेस पाहा. उत्तर न येता बराच वेळ अडकून टाइमआउट झाला, तर वाटेतल्या फायरवॉलने पॅकेट गिळलं असण्याची शक्यता जास्त. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर या दोन्हींसाठी 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर' असं एकच वाक्य वर छापतो, म्हणून खालचं 'कॉज्ड बाय' वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

टॉमकॅट डॉकरसारख्या कंटेनरमध्ये चालत असेल, तर यूआरएलमधला लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. डेटाबेस दुसऱ्या कंटेनरमध्ये असेल, तर त्याचं सर्व्हिसनाव लिहावं लागतं.

ओरॅकलच्या यूआरएलचे दोन प्रकार एकमेकांत मिसळतात. पोर्टनंतर अपूर्णविराम आला की पुढचं नाव एसआयडी, म्हणजे डेटाबेस इन्स्टन्सचं नाव, मानलं जातं. ॲट चिन्हानंतर दोन तिरक्या रेघा आणि पोर्टनंतर एक तिरकी रेघ असेल तर सर्व्हिसनेम. ओआरए-१२५०५ आला तर ओरॅकलच्या लिसनरला (जोडण्या स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमला) तो एसआयडी माहीत नाही, ओआरए-१२५१४ आला तर ते सर्व्हिसनेम माहीत नाही. बहुतेक वेळा दुसरा प्रकार वापरून पाहिला की काम होतं.

लॉगिन

'ॲक्सेस डिनाइड'च्या ओळीत मायएसक्यूएल दोन मौल्यवान गोष्टी सांगतो: वापरकर्ता कुठल्या होस्टवरून आलेला दिसला, आणि पासवर्ड वापरला गेला की नाही. 'यूझिंग पासवर्ड: नो' असं असेल तर पासवर्ड पोचलाच नाही. गुणधर्माचं नाव 'पासवर्ड' असंच, सगळी अक्षरं लहान लिपीत, आहे का ते तपासा; वापरकर्त्यासाठी नुसतं 'यूझर' चालत नाही, 'यूझरनेम' लागतं. 'येस' असेल, तर होस्टकडे पाहा. मायएसक्यूएलमध्ये एकाच नावाचे दोन वापरकर्ते वेगळ्या होस्टसाठी असू शकतात आणि त्यांचे पासवर्डही वेगळे असू शकतात. कमांडलाइनवर लोकलहोस्ट लिहिलं की युनिक्सवरचा मायएसक्यूएल क्लायंट सॉकेट फाइलमधून जातो, जावाचा ड्रायव्हर टीसीपीने जातो. म्हणून कमांडलाइनवरून तपासताना होस्ट म्हणून १२७.०.०.१ द्या.

पासवर्डमध्ये अँपरसँड असेल, तर एक्सएमएलमध्ये तो तसाच लिहिता येत नाही. त्याच्यापुढे एएमपी ही तीन अक्षरं आणि अर्धविराम जोडावा लागतो. यूआरएलमधल्या पॅरामीटरांच्या मधल्या प्रत्येक अँपरसँडलाही हेच लागू आहे. विसरलात तर 'रेफरन्स टू एन्टिटी'ने सुरू होणारा एरर येतो आणि पूर्ण कॉन्टेक्स्ट फाइलच वाचली जात नाही.

'पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड' हा एरर मायएसक्यूएल ८ पासूनचा. तिथली मूळ लॉगिन पद्धत एनक्रिप्शन नसलेल्या जोडणीवर पासवर्ड पाठवायला सर्व्हरची सार्वजनिक किल्ली मागते. एकदा लॉगिन यशस्वी झालं की सर्व्हर त्याची नोंद स्मृतीत ठेवतो, त्यामुळे एरर नाहीसा होतो. डेटाबेस रिस्टार्ट झाला की पुन्हा उगवतो. महिनोन्‌महिने चाललेलं ॲप्लिकेशन रिस्टार्टनंतरच का अडतं याचं हे उत्तर. यूआरएलमध्ये किल्ली मागायची परवानगी देणारा पॅरामीटर सगळीकडे सुचवला जातो, पण मधे बसून स्वतःची किल्ली पुढे करणाऱ्याला त्याने दार उघडतं. टीएलएस, म्हणजे एनक्रिप्टेड जोडणी, चालू करा, तेच बरोबर आहे.

पोस्टग्रेसने 'नो पीजी एचबीए डॉट कॉन्फ एन्ट्री' म्हटलं तर पासवर्डपर्यंत गोष्ट गेलेलीच नाही. त्या फाइलमध्ये टॉमकॅटच्या आयपीसाठी ओळ घाला. ओळी वरून खाली तपासल्या जातात आणि पहिली जुळणारी ओळच लागू होते, म्हणून जागाही महत्त्वाची. नुसतं कॉन्फिगरेशन रीलोड पुरतं, रिस्टार्ट नको.

एसक्यूएल सर्व्हरचा ड्रायव्हर १०.२ किंवा पुढचा केल्यावर सर्टिफिकेटचा एरर आला, तर कारण हे की त्या आवृत्तीपासून एनक्रिप्शन मुळातच चालू असतं. सर्व्हरचं सर्टिफिकेट जावाच्या ट्रस्टस्टोअरमध्ये, म्हणजे विश्वासार्ह सर्टिफिकेटांच्या साठ्यात, घाला.

जोडलं जातं, पण थोड्या वेळाने अडकतं

पान आठ वेळा उघडतं आणि नवव्यांदा नुसतं फिरत राहतं. हे लक्षण ओळखीचं करून ठेवा. टॉमकॅटच्या मूळ पुलाची मर्यादा ८ कनेक्शनांची असते आणि कनेक्शनची वाट पाहण्याची मूळ मुदत उणे एक, म्हणजे अनंत. कोड कनेक्शन परत करत नसेल, तर आठ संपल्यावर पुढची विनंती कसलाही एरर न देता थांबून राहते.

'मर्यादा तर शंभर लिहिली आहे' असं म्हणणार असाल, तर गुणधर्माचं नाव पाहा. टॉमकॅट ७ मध्ये ते 'मॅक्सॲक्टिव्ह' होतं. टॉमकॅट ८ पासून मूळ पूल डीबीसीपी २ या लायब्ररीचा झाला आणि नाव 'मॅक्सटोटल' झालं. 'मॅक्सवेट'चं 'मॅक्सवेटमिलिस' झालं. जुनं नाव दिलं तर ते दुर्लक्षित होतं आणि मर्यादा पुन्हा आठच राहते. लॉगमध्ये तशी स्पष्ट सूचना येते, पण ती एरर नसल्याने कुणी वाचत नाही. मात्र फॅक्टरी म्हणून टॉमकॅटचा दुसरा, टॉमकॅट-जेडीबीसी पूल नेमला असेल, तर तिथे जुनीच नावं चालतात. दोन्हींची नावं एकाच व्याख्येत मिसळू नका.

वाटेची मुदत १०,००० मिलिसेकंद ठेवा. मग अडकण्याऐवजी 'टाइमआउट वेटिंग फॉर आयडल ऑब्जेक्ट' असा एरर मिळतो आणि निदान करता येतं. तोवर अडकलेल्या सर्व्हरवर जेस्टॅक (प्रत्येक थ्रेड कुठे थांबला आहे ते दाखवणारी जावाची कमांड) चालवा. बहुतेक थ्रेड 'बॉरोऑब्जेक्ट'वर थांबलेले दिसले तर पूल रिकामा झाला आहे.

मर्यादा वाढवून गळती बुजत नाही, फक्त उशिरा दिसते. चाचणीच्या सर्व्हरवर उलट करा: मर्यादा २ ठेवा. गळती तिसऱ्या क्लिकला दिसेल. मर्यादा १ केल्यावर एखादी विनंती एकटीच अडकली, तर तो कोड हातात एक कनेक्शन असताना दुसरं मागतो आहे. गर्दीत असा कोड सगळा पूल गोठवतो.

गळती कुठे आहे ते शोधायला 'रिमूव्हअबँडन्डऑनबॉरो' आणि 'लॉगअबँडन्ड' हे दोन्ही चालू करा. जो कोड कनेक्शन घेऊन गेला त्याचा स्टॅक ट्रेस लॉगमध्ये येतो. मूळ मुदत ३०० सेकंदांची आहे. त्याहून जास्त वेळ एकाच क्वेरीवर थांबलेला अहवाल यात मधेच तुटू शकतो, म्हणून हे शोधापुरतं वापरा. कोडमधला उपाय ट्राय-विथ-रिसोर्सेस: कनेक्शन, स्टेटमेंट आणि रिझल्टसेट तिन्ही त्या कंसात उघडा, म्हणजे अपवाद आला तरी बंद होतात.

रात्रभर कुणी वापरलं नाही आणि सकाळी पहिलीच विनंती पडली, तर पुलातली कनेक्शनं मेलेली आहेत. मायएसक्यूएल २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, शांत राहिलेलं कनेक्शन स्वतः तोडतो. डीबीसीपी २ मध्ये कनेक्शन देण्याआधीची तपासणी मुळातच चालू असते. टॉमकॅट-जेडीबीसी पुलात ती बंद असते, तिथे 'टेस्टऑनबॉरो' चालू करून तपासणीची क्वेरी म्हणून 'सिलेक्ट १' द्या. मधल्या फायरवॉलने कनेक्शन गुपचूप टाकून दिलं असेल, तर ही तपासणीच लटकते. त्यासाठी ड्रायव्हरच्या यूआरएलमध्ये कनेक्टटाइमआउट आणि सॉकेटटाइमआउट द्या. एकक सांभाळा: मायएसक्यूएलचा ड्रायव्हर हे आकडे मिलिसेकंदांत घेतो, पोस्टग्रेसचा सेकंदांत. एकातून दुसऱ्यात आकडा तसाच उचलला, तर तीस सेकंदांचे आठ तासांहून अधिक होतात.

मर्यादा ठरवताना डेटाबेसची बाजू मोजा. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ कनेक्शनांची, पोस्टग्रेसची १००, आणि त्यातली ३ सुपरयूझरसाठी राखीव. पुलाची मर्यादा गुणिले ॲप्लिकेशनं गुणिले टॉमकॅटच्या प्रती, हा गुणाकार त्याच्या आत बसला पाहिजे. डेटाबेस प्रशासकाला आणि बॅकअपला लागणारी कनेक्शनं त्यातून आधीच वजा करा.